उसण भरली, आता बरी कधी होणार?

कमरेत उसण भरली की आपल्या खेडोपाडी पहिला शोध सुरू होतो तो पायाळू माणसाचा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या कमरेला पाय लावला की उसण पळते, अशी पूर्वापार समजूत. माझ्या लहानपणी आमच्या आळीतल्या एका पायाळू मुलाला या कामासाठी थेट शाळेतून बोलावून नेत. चार-आठ दिवसांत कंबर मोकळी होई आणि नाव मात्र त्या पोराच्या पायाचे होई.

आज पायाळूची जागा इंजेक्शनने, कमरेच्या पट्ट्याने आणि एमआरआयच्या फोटोने घेतली आहे. प्रश्न मात्र तोच राहिला. मी बरी होईन का? किती दिवसांनी? कामावर कधी जाता येईल? ज्याची चूल रोजंदारीवर पेटते, त्याला दुखणे एक वेळ सोसते, पण खाडा सोसत नाही. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, आजच्या लेखात कंबरदुखीच्या औषधापेक्षा या प्रश्नाचाच विचार करू. कोणाची कंबर लवकर बरी होईल आणि कोणाची रेंगाळेल, हे आधी ओळखता येते काय?

डिंगोऱ्यातल्या दोन जावा

माझ्या मावशीचे सासर डिंगोरे. जुन्नर तालुक्यातले हे गाव कल्याण-नगर महामार्गावर आहे, ओतूरहून माळशेज घाटाकडे जाताना लागते. कांद्याचा मुलूख. ओतूरच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांची थप्पी लागते, ती सगळ्यांना दिसते. त्या कांद्याची रोपे थंडीत एकेक करून मातीत खोचणाऱ्या बायांची पाठ मात्र कोणाला दिसत नाही. सकाळी ओणवे व्हायचे ते भाकरीच्या वेळेलाच सरळ व्हायचे.

मावशीच्या दोन सुना. दोघीही लागणीच्या टोळीत जाणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी एकाच लागणीत, आठवड्याच्या अंतराने, दोघींच्या कमरेने दगा दिला. धाकटीला तर अशी उसण भरली की वाफ्यातून तिला दोघींनी धरून उठवावे लागले. अंथरुणावर कूस बदलताना ती ओरडायची. थोरलीचे दुखणे त्यामानाने सौम्य. ती चालत घरी आली, संध्याकाळी भाकऱ्याही थापल्या. घरात सर्वांचा अंदाज एकच, की थोरली चार दिवसांत उठेल आणि धाकटीचे काही खरे नाही.

झाले उलटेच. धाकटी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीला धरून परसात गेली. आठव्या दिवशी बसून लसूण सोलू लागली, पुढच्या आठवड्यात हलकीसलकी कामे करू लागली आणि पाच आठवड्यांनी टोळीत परतली. थोरली मात्र अकरा महिने घरात होती.

मी गेले तेव्हा ती पट्टा बांधून ओट्यावर बसली होती. मला पाहून म्हणाली, "ताई, माझी गादी सरकलीय. फोटोत आलंय. आता जन्माचं झालं हे."

एवढे ऐकल्यावर मला पुष्कळसा उलगडा झाला. तो कसा, ते सांगण्यापूर्वी थोडी माहिती घेऊ.

हे दुखणे किती जणांचे?

आपल्या पुणे जिल्ह्यातच, इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांनी गावकऱ्यांच्या सांधे-हाडांच्या दुखण्याची घरोघर पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमातली ही पाहणी होती. ४,०९२ प्रौढ गावकऱ्यांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शेकडा १८ जणांना, अशी काही ना काही दुखणी होती. साऱ्या जगाचा हिशेब केला, तर २०२० साली ६१ कोटी ९० लाख माणसांना कंबरदुखी होती असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या दुखण्यांत कंबरदुखीचा क्रमांक जगात पहिला आहे.

या रुग्णांपैकी शेकडा ९० जणांच्या बाबतीत अमुक एका हाडावर किंवा अमुक गादीवर बोट ठेवून "दुखण्याचे कारण हेच" असे डॉक्टरला सांगता येत नाही. स्नायू, सांधे, शिरा यांपैकी काहीतरी चिडलेले असते. याचा अर्थ दुखणे खोटे असा नाही. ते खरेच असते. परंतु बहुतेकांच्या बाबतीत ते धोक्याचे नसते आणि शरीर ते आपणहून दुरुस्त करीत असते. पायाळूला यश येत होते ते यामुळे. पाय लावला नसता तरी उसण उतरलीच असती.

मग किती जण बरे होतात? ऑस्ट्रेलियातील सिडनी भागात नुकतीच कंबर धरलेल्या ९७३ रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाअखेर शंभरातले ७२ जण पूर्ण बरे झाले होते. निम्म्या लोकांना पूर्ण बरे व्हायला सुमारे दोन महिने लागले. म्हणजे "आठ दिवसांत पळायला लागाल" हे आश्वासन जसे फसवे, तसेच "जन्माचे दुखणे" हे भाकीतही बहुतेकांच्या बाबतीत फसवेच. पण शंभरातले २८ जण वर्षानंतरही पूर्ण बरे नव्हते. या २८ जणांना आधीच ओळखता आले असते, तर त्यांना वेळीच मदत करता आली असती.

फोटो काय सांगतो, काय सांगत नाही

आपली समजूत अशी की फोटो काढला म्हणजे सगळे कळते. १९९४ मध्ये अमेरिकेत एक गमतीचा पण डोळे उघडणारा अभ्यास झाला. ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ धडधाकट माणसांचे एमआरआय काढले. त्यातल्या फक्त शेकडा ३६ जणांच्या सर्व गाद्या निर्दोष निघाल्या. बाकीच्यांच्या एखाद्या तरी गादीत फुगवटा किंवा असेच काही दिसले. आणि ही सारी माणसे आपापल्या पायांनी चालत आली होती! पुढे २०१५ मध्ये अशा अनेक अभ्यासांची बेरीज झाली. त्यात दिसले की न दुखणाऱ्या लोकांतही विशीत शेकडा ३७ जणांच्या आणि ऐंशीत शेकडा ९६ जणांच्या गाद्या झिजलेल्या असतात.

डोक्याचे केस पिकतात तशी मणक्यातली गादी वयाबरोबर सुकते. पिकलेल्या केसाला आपण आजार म्हणत नाही. म्हणून कोण बरा होईल हे नुसत्या फोटोवरून सांगता येत नाही. थोरलीने कानातली फुले गहाण ठेवून फोटो काढला. कागदावरचे दोन इंग्रजी शब्द कोणी तरी वाचून दाखवले आणि "आता वाकायचे नाही, उचलायचे नाही" असे बजावले. त्या दिवसापासून तिने वाकणे सोडले. धाकटीचा फोटो काढायला पैसे उरले नव्हते. काढला असता तर तिच्याही गादीत काही निघाले नसते, असे कोणी सांगावे?

मग खूण कशात आहे?

सिडनीच्या त्याच अभ्यासात, उशिरा बरे होणाऱ्यांत काय काय वेगळे होते याचा शोध घेतला गेला. वय जास्त असणे, सुरुवातीची कळ जास्त असणे, दवाखान्यात येण्यापूर्वीच दुखणे रेंगाळलेले असणे, त्यापायी बरेच दिवस कामे थांबलेली असणे, नुकसानभरपाईचे प्रकरण चालू असणे, या गोष्टी निघाल्या. परंतु आणखी दोन निघाल्या त्या आपण कधी विचारतच नाही. एक, मन खचलेले असणे. दुसरी, "हे दुखणे काही जायचे नाही" असे रुग्णाला स्वतःला वाटणे.

या दुसऱ्या गोष्टीवर २०१९ मध्ये ६० अभ्यास एकत्र करून तपासण्यात आले. स्वतः बरे होऊ अशी ज्यांची अपेक्षा होती, ती माणसे कामावर परतण्याची शक्यता पुष्कळ जास्त दिसली. न्यूझीलंडमध्ये १९९७ सालीच तज्ज्ञांनी अशा खुणांना "पिवळे बावटे" असे नाव दिले. लाल बावटा म्हणजे शरीरातला धोका. पिवळा बावटा म्हणजे दुखणे रेंगाळेल याची सूचना. दुखेल म्हणून हालचालीचीच भीती, झोप उडणे, उदास राहणे, घरच्यांनी एक तर अति जपणे किंवा मुळीच न विचारणे, कामावरचा ताण, हे सारे पिवळे बावटे.

इंग्लंडमधील कील विद्यापीठाने २००८ मध्ये नऊ प्रश्नांची एक छोटी यादी तयार केली. कळ पायात उतरते काय, चालणे व कपडे घालणे जड जाते काय, हालचाल केली तर बिघडेल असे वाटते काय, काळजीचे विचार येतात काय, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागते काय, अशा स्वरूपाचे हे प्रश्न. उत्तरांवरून रुग्णाचे तीन गट करतात: कमी जोखीम, मध्यम जोखीम, जास्त जोखीम. पहिल्याला धीर आणि सल्ला पुरतो, दुसऱ्याला व्यायामाची मदत लागते, तिसऱ्याला व्यायामाबरोबर मनाच्या भीतीवरही उपचार लागतात. अशी वाटणी करून उपचार केले तेव्हा रुग्णांना जास्त आराम पडला आणि खर्चही कमी आला, असे २०११ च्या मोठ्या चाचणीत दिसले.

एक गोष्ट लक्षात ठेवा. हा अंदाज पावसाच्या अंदाजासारखा आहे. ढग पाहून छत्री घ्यावी, पण पाऊस पडलाच पाहिजे असे नाही. "जास्त जोखीम" म्हणजे कपाळावर लिहिलेले भविष्य नव्हे. वय बदलता येत नाही, परंतु भीती, झोप, उदासी आणि घरातली वागणूक बदलता येते. भविष्य सांगणाऱ्या ज्योतिष्यात आणि या शास्त्रात हाच फरक आहे. ज्योतिषी सांगतो ते मान खाली घालून ऐकायचे असते. शास्त्र सांगते ते बदलण्यासाठी असते.

थोरलीला कोणी विचारलेच नाही

आता दोघी जावांकडे वळू. धाकटीची कळ मोठी होती, पण तिच्या आईलाही अशीच उसण भरत असे आणि दर वेळी उतरत असे. त्यामुळे "उतरेल" हे तिच्या मनात पक्के होते. शिवाय टोळीतल्या बायांनी सावड धरली. तिच्या वाट्याचे वाफे त्यांनी उरकले आणि ती परतल्यावर पहिले काही दिवस तिला रोपे वाटण्याचे उभ्याचे काम दिले. खाडे झाले, पण कामाची जागा गेली नाही.

थोरलीच्या डोक्यावर लेकीच्या लग्नाचे कर्ज होते. नवरा बाहेरगावी ट्रकवर. दुखणे सुरू होण्यापूर्वीच तिची झोप उडाली होती. फोटोनंतर तर ती रात्रभर छताकडे बघत पडे. घरच्यांनी मायेपोटी तिला हंडा उचलू दिला नाही, झाडू मारू दिला नाही. माया खरी होती, पण तिचा परिणाम असा की सहा महिन्यांत पाठीचे स्नायू दुबळे झाले आणि जरा हलली तरी कमर ठणकू लागली. मग भीती वाढली. भीती वाढली की हालचाल आणखी कमी. रहाटगाडग्यासारखे हे चक्र फिरत राहिले. दोन दवाखाने झाले. कंबर सर्वांनी तपासली, पण "बाई, तुला झोप लागते का? तुला काय वाटतं, बरी होशील का?" हे एकानेही विचारले नाही.

अखेर एका सरकारी रुग्णालयात व्यायामोपचार करणाऱ्या ताईंनी ते विचारले. थोरली तिथे बराच वेळ रडली. त्या ताईंनी तिला समजावले की दुखणे आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दुखले म्हणजे आत काही तुटले असे नव्हे. पट्टा हळूहळू सोडायला लावला. पहिल्या आठवड्यात घरापासून वडाच्या झाडापर्यंत चालणे, पुढच्या आठवड्यात हमरस्त्यापर्यंत. दुखो वा न दुखो, ठरले तेवढेच. जास्तही नाही, कमीही नाही. मग वाकण्याचा सराव, आधी रिकाम्या हाताने, नंतर पाण्याच्या तांब्याने, नंतर कळशीने.

ती आज पूर्ण बरी आहे असे मी म्हणणार नाही. थंडीत कंबर धरते. पण गेल्या लागणीला ती अर्धा दिवस टोळीत होती. फुले अजून सोडवायची आहेत.

घरात काय करावे?

पहिली गोष्ट, अंथरूण लवकर सोडावे. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरात १८६ नगरपालिका कामगारांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस झोपून राहायला सांगितले, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम दिले, तिसऱ्याला झेपेल तशी रोजची कामे चालू ठेवायला सांगितले. सर्वांत लवकर बरा झाला तो तिसरा गट. कळ असह्य असेल तर एखादा-दुसरा दिवस पडावे, शेक घ्यावा, नंतर हिंडते-फिरते व्हावे.

दुसरी गोष्ट, चालावे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत कंबरदुखीतून उठलेल्या ७०१ जणांचा अभ्यास झाला. ज्यांना हळूहळू चालणे वाढवायला शिकवले, त्यांचे दुखणे परतायला सरासरीने २०८ दिवस लागले. ज्यांना काहीच सांगितले नाही, त्यांचे ११२ दिवसांतच परतले. याला पैसा लागत नाही. परंतु बाईला चालायला मोकळी अर्धी घटका मिळावी लागते. ती घरच्या पुरुषांनी द्यावी.

तिसरी गोष्ट, खर्च जपून करावा. जुनाट कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मार्गदर्शन जाहीर केले. त्यात समजावून सांगणे, व्यायाम आणि मनाला आधार देणारे उपचार सुचवले आहेत. नेहमीचा पट्टा आणि वजन लावून ओढणे मात्र सुचवलेले नाही. वेदनाशामक गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नयेत. पोटात व्रण होतो, मूत्रपिंड बिघडते.

चौथी गोष्ट, बोलणे सांभाळावे. "तुझी कंबर गेली", "आता तुझ्याच्याने काय होणार", "नाटक करते" ही वाक्ये घरातून हद्दपार करावीत. त्याऐवजी विचारावे, "आज काय जमलं?" दिवसभरात दुखले किती याचा हिशेब ठेवण्यापेक्षा जमले किती याचा ठेवावा.

पाचवी गोष्ट कामाची. सारा दोष मनाला देऊन मालकाला मोकळे सोडणे हा अन्याय होईल. दिवसभर ओणवे राहणे आणि पाठीवर गोणी वाहणे याने कंबर दुखणारच. टोळीने आपसात ठरवून घ्यावे. दर अर्ध्या तासाला कंबर सरळ करावी, लावणीचे आणि उभ्याचे काम आलटून पालटून घ्यावे, क्रेट किंवा गोणी दोघींनी मिळून उचलावी. आजारातून उठलेलीला पंधरा दिवस हलके काम द्यावे. औषधाइतकाच हाही उपचार आहे.

लाल बावटे

आता शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. धीर धरावा हे खरे, पण पुढील खुणांपुढे धीर धरू नये. लघवी अडणे किंवा कळत न कळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधली बसण्याची जागा बधिर होणे, पाय लुळा पडत जाणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे. उशीर झाला तर अधूपणा कायमचा राहू शकतो. दुखण्याबरोबर ताप, रात्रीचा घाम, वजन घटणे असेल तर मणक्याचा क्षय असू शकतो; त्याची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. पूर्वी कर्करोग झालेला असेल, पडून-झडून मार लागला असेल किंवा म्हातारपणी साध्या धक्क्याने एकाएकी पाठ धरली असेल, तरीही तपासून घ्यावे. आणि सहा आठवड्यांत काहीच उतार नसेल, तर पुन्हा डॉक्टरकडे जावे व तिथे कंबरेबरोबर झोप, काळजी आणि भीती यांचेही बोलावे. डॉक्टरने विचारले नाही तरी आपण सांगावे.

निघताना थोरली मला हमरस्त्यापर्यंत सोडायला आली. रस्ता थोडा चढाचा आहे. मी म्हटले, "वहिनी, राहू दे, दमशील." ती म्हणाली, "ताई, ठरल्याएवढं चालायचंच असतं." एसटी आली तेव्हा ती तिथेच उभी होती, पदर खोचून, पट्ट्याशिवाय.